चाळीस दिवसांचा भोपळा

न्यू लिन, ऑकलंड
२ मार्च २००४

पुरुषोत्तमदादा,

नमस्कार मनापासून करतोय, घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मागच्या दोन पत्रांना उत्तर नाही. ती पोचली नाहीत, की पोचून तशीच पडली, कळायला मार्ग नाही. नितीश म्हणतो, "बाबा, फोन करा ना सरळ." फोन केला की नीलांबरी उचलते आणि "बाबा बाहेर गेलेत" म्हणते. तुम्ही एवढे बाहेर जाणारे कधी नव्हता.

तुमची बहीण जेवत नाही. पोटातली गाठ काढण्यासारखी राहिलेली नाही, हे मागं कळवलं होतं. आता डॉक्टर म्हणतात, तिला जे आवडेल ते खाऊ द्या, पथ्य काही नाही. पण आवडायला तर हवं! सूनबाई भात मऊ करून देते, मी लापशी करतो. ती एक घास तोंडात फिरवते आणि माझ्याकडं बघते. मग मी ताट उचलतो. रात्री मला झोप लागत नाही. मिरजेच्या स्टेशनवर तुम्ही जे बोललात ते आठवत राहतं. आयुष्यभर मला अहोजाहो केलंत, त्या दिवशी पहिल्यांदा अरेतुरे केलंत. "माझ्या बहिणीला तिकडं नेऊन उपाशी मारणार आहेस तू." गाडी हलली तरी तुम्ही हात वर केला नाही.

पण काल एक बरं घडलं म्हणून लिहायला बसलो. आमच्या कुंपणापलीकडं सलवा नावाची म्हातारी राहते. लेबनॉनची आहे, लग्न होऊन पन्नासेक वर्षांपूर्वी इकडं आली. नवरा गेला, मुली लांब. तिच्या मांडवावर राखाडी सालीचे भोपळे लागलेत. काल तिनं कुंपणावरून ताटली दिली. त्यात तळलेले मुटके होते, दोन्ही टोकांना निमुळते. मी आधी वास घेतला. वास गव्हाच्या दलियाचा होता. पस्तीस वर्षं गिरणी चालवली, गहू मला फसवत नाही. पण तुमच्या बहिणीच्या गळ्यात तुळशीची माळ, ती तुम्हीच तिच्या बाराव्या वर्षी घातलेली. म्हणून नितीशनं शिकवलेलं वाक्य म्हटलं, "नो मीट, नो फिश, नो एग?"

सलवा हसली. "नो मीट, मिस्टर गुरू! नो एग, नो मिल्क, नथिंग!" आणि हातातली जपाची माळ वर करून दाखवली. खरंच जपमाळ, खाली क्रूस लोंबणारी.

दादा, तिकडंही माळकरी असतात म्हणायचं. मला तर डोळ्यांत पाणी आलं.

दमयंतीनं अख्खा एक मुटका खाल्ला. आत पालक, हरभरे, अक्रोड आणि कसली तरी आंबट पूड. मग म्हणाली, "अजून अर्धा द्या." हे कळवायचं होतं. एक ओळ लिहा.

गुरुनाथ


२२ मार्च २००४

दादा,

काल पाडवा झाला. गुढीला कडुलिंब मिळाला नाही. मी कुठलीशी पानं लावत होतो तर सूनबाई म्हणाली, "बाबा, ते झाड कसलं आहे ते तरी बघा, विषारी असलं तर?" मग आंब्याच्या पानांचं कापडी तोरणच बांधलं. असं केलेलं चालतं का?

सलवाला पुरणपोळी दिली. तिनं उभ्या उभ्याच तुकडा मोडला आणि लगेच थांबली. "बटर?" म्हणाली. तूप होतं ना वर. तिनं छातीशी हात नेला, माफी मागितली, आणि बिनतुपाची मागून घेतली. एवढी कडक आहे, तुपालासुद्धा शिवत नाही. तुम्ही असता तर तुमचं तिच्याशी जमलं असतं.

आता ती रोज काहीतरी देते. मसूर आणि भात एकत्र शिजवून वर कांदा काळसर तळून घालते. द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून सुरळ्या करते. दमयंती खुर्ची ओसरीवर घ्यायला लावते आणि दोघी कुंपणाच्या अल्याडपल्याड बसतात. एकीला मराठी, दुसरीला अरबी आणि मोडकं इंग्रजी. तरी बोलतात. सलवा वाढताना "सहतेन" म्हणते, म्हणजे दुप्पट बरी हो. तुमची बहीण आता मलाही पाण्याचा पेला देताना "सहतेन" म्हणते. मैत्रेयीला हसू येतं. नात आमची मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देते, आणि आजी मात्र या वयात अरबी शिकतेय.

सलवाच्या लिंबाखाली दगडाचं मोठं उखळ आहे. तिच्या सासूनं बोटीतून आणलेलं. त्यावर पोतं घातलेलं असतं. मी विचारलं, वापरत नाही का? तर हातानं "नंतर, नंतर" अशी खूण केली. म्हातारपणी हात चालत नसतील, असं मी समजलो. ती सांगत होती, तिच्या डोंगरातल्या गावात रविवारी सकाळी घराघरातून उखळाचा आवाज यायचा आणि ज्या घरातून येत नाही तिथं लोक विचारायला जायचे, काय झालं म्हणून. हे ऐकून दमयंती म्हणाली, "आपली गिरणी बंद झाली तेव्हा कोण आलं होतं विचारायला?" मी म्हटलं, तुझा दादा आला होता. आला होता ना तुम्ही? मला नक्की आठवत नाही, पण मी तसं सांगितलं.

तिची हाडं अजून दिसतात, पण गालावर थोडं तेज आलंय. तुम्ही पत्र टाकलंत तर मी वाचून दाखवीन.

गुरुनाथ


१२ एप्रिल २००४

दादा,

घाईत लिहितोय, मन भरून आलंय. काल इथल्या लोकांचा ईस्टरचा सण झाला. शनिवारी सकाळपासून सलवाच्या अंगणातून उखळाचा आवाज येत होता, धप धप, धप धप. मी दमयंतीला म्हटलं, बघ, म्हातारीच्या हातात जोर आला. काल दुपारी ती नवं झगझगीत पातळ म्हणावं तसला झगा घालून स्वतः आत आली. ओव्हनमधलं मोठं ताट घेऊन आली होती, शंकरपाळ्यासारखे काप पाडलेले, वर चिलगोजे लावलेले. "किब्बे!" म्हणाली. त्या मुटक्यांनाही ती किब्बेच म्हणते. म्हटलं, हा त्यातलाच भाजलेला प्रकार. वास जरा उग्र होता, पण खाली दलिया होता, तो मी ओळखला. दालचिनी होती. माझं पोट कालपासून बिघडलंय म्हणून मी खाल्लं नाही.

दमयंतीनं चार काप खाल्ले. चार! बोटं चाटली. सलवानं तिच्या गालांना हात लावून दोन्हीकडं मुके घेतले. "फिनिश," म्हणाली, "नाऊ ईट, हबिब्ती, ईट!" आज उरलेल्यातलंही दुपारी खाल्लं आणि आता गाढ झोपलीय. कित्येक महिन्यांत अशी झोप बघितली नव्हती. घोरतेय, दादा. मी बाजूला बसून ऐकतोय.

आता सूनबाई औषधाच्या दुकानातून आली. स्वयंपाकघरातून हाक मारतेय, "बाबा, जरा इकडे या." आवाज वेगळा वाटतोय. बघून येतो आणि


१९ एप्रिल २००४

दादा,

मागचं पत्र अर्धंच होतं, ते तसंच पाकिटात घालून टाकलं. पुरं करायला हात होईना.

सूनबाई अनुया ताटापाशी उभी होती. तिनं कोपऱ्यातला एक तुकडा खाल्ला होता. ती बाहेर खाते, मला माहीत आहे, त्यावर मी बोलत नाही. म्हणाली, "बाबा, हे आईंनी खाल्लं?"

"चार काप," मी अजून खुशीतच होतो.

"बाबा, हे मटण आहे."

मी म्हटलं, दलिया आहे. ती म्हणाली, "दलिया आहेच. मटणही आहे. उखळात कुटून एकजीव केलेलं. लँब आहे हे, कोकराचं."

दादा, मी गहू ओळखला आणि बाकी काहीच ओळखलं नाही. आमच्या घरात जन्मात मांसमच्छी आली नाही, त्याचा वास मला कुठून माहीत असणार?

नितीशनं कुंपणापाशी जाऊन सलवाला विचारलं, तेव्हा सगळं कळलं. त्यांचा ईस्टरआधी चाळीस दिवसांचा उपवास असतो. त्यात मांस नाही, अंडं नाही, दूधतूपही नाही. तेवढ्यापुरते ते किब्बे भोपळ्याचे करतात. उपवास सुटला की खरे. मी तिची माळ बघून समजलो, ही जन्माची माळकरी. आपल्याकडं माळ हातात घेतलेली बाई परत मटण खाते का? आणि तिनं दमयंतीच्या गळ्यातली माळ बघून समजलं, हिचाही आपल्यासारखाच उपवास चाललाय, ईस्टरला सुटेल. दोघांनी एकच चूक केली, कुंपणाच्या दोन बाजूंनी.

सलवानं ऐकलं आणि तोंडावर पदर घ्यावा तसे हात घेतले. मग आत येऊन झोपलेल्या दमयंतीच्या पायांपाशी बसली. किती उठवलं तरी सलवा उठेना. "आय डिड नॉट नो, मिस्टर गुरू, आय डिड नॉट नो." तिचं काही चुकलं नाही. तुम्ही रागावलात तर माझ्यावर रागवा.

दमयंतीला आम्ही काही सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, "ते परवाचं होतं ते कधी देणार सलवाबाई?" सलवानं पुन्हा भोपळ्याचे आणले, तिच्या मांडवावरच्या शेवटच्या भोपळ्याचे. दमयंतीनं घास घेतला, चावला आणि ताटलीत ठेवला. "हे ते नव्हे."

म्हणून विचारतोय. माळ तुम्ही घातलीत, तुम्हाला त्यातलं कळतं. नकळत झालेल्याला काय करायचं असतं? आणि आता ती मागतेय, दुसरं काही खात नाही, तर द्यायचं का? सलवा म्हणते, आजारी माणसाला त्यांच्यात उपवास माफ असतो. आपल्यात तसं काही आहे का? हो म्हणा नाही तर नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा. मी अडाणी माणूस, सातवीपर्यंत शिकलेला, एकट्यानं हे ठरवायचं कसं?

गुरुनाथ


९ मे २००४

दादा,

परवा फोन तुम्हीच उचललात. तुमचा खोकला मी ओळखला. पंख्याची कुरकुरही ऐकू आली. मी "दादा, पत्र मिळालं का?" विचारलं. तुम्ही काही बोलला नाही, ठेवलाही नाही. मग मीच ठेवला. फार वेळ लाईन धरून ठेवायला संकोच वाटला.

तुमचं काही आलं नाही आणि इकडं ती पुन्हा पाण्यावर आली. सूनबाई रडकुंडीला येते. नितीश म्हणाला, "बाबा, न सांगता देऊन टाका. तिला काय कळणारे?" मी दोन दिवस विचार केला. एकदा न सांगता झालं ते झालं, त्यात कुणाचं मन नव्हतं. दुसऱ्यांदा न सांगता दिलं तर ते मी केलेलं असेल. तिला सांगायला तर माझी जीभ उचलत नव्हती. सांगितलं आणि तिनं धसका घेतला तर?

शेवटी काल दुपारी सांगितलं. तिचे पाय चोळत होतो, तोंड दुसरीकडं करून सांगितलं. मटण होतं म्हटलं. तुझ्या दादाला कळवलंय म्हटलं.

ती छताकडं बघत राहिली. मला वाटलं आता गेलीच.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"आणि तेव्हापासून मला भोपळा चारताय होय!" दादा, ती हसली. मग हसता हसता रडली. मीही रडलो. नंतर म्हणाली, "दादानं माळ घातली तेव्हा मला विचारलं नव्हतं. मी नको म्हणाले असते असं नाही. आवडली होती मला. पण विचारलं नव्हतं." थोडा दम घेतला. "दादा काय म्हणाला?"

मी म्हटलं, उत्तर यायचंय.

"तो नाही लिहायचा. त्याला 'हो' म्हणता येणार नाही आणि मला 'नाही' म्हणायला त्याचं मन होणार नाही. कशाला त्याला कोड्यात टाकता?"

मग मला जवळ बोलावून मान पुढं केली. म्हणाली, काढा. तिची मान एवढी बारीक झालीय की माळ सैल लोंबत होती, डोक्यावरून आपसूक निघाली. ती तिनं माझ्या हातातून घेतली, डोळ्यांना लावली आणि तांब्याच्या फुलपात्रात ठेवायला लावली. वर तुळशीचं पान ठेवा म्हणाली. इथं तुळस कुठली? पुदिन्याचं ठेवलं, सलवाच्या अंगणातलं.

"दादाला कळवा, मी माझ्या मनानं काढलीय. तुमच्यावर येऊ देऊ नका." आणि उशीला टेकून बसली. "हं. वाढा आता."

सलवा द्यायला तयार नव्हती. दारातच उभी, ताट हातात, मान हलवत. दमयंतीनं आतून हाक मारली, "सलवा! सहतेन!" तेव्हा ती आत आली.

दीड काप खाल्ला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण तोंड थांबत नव्हतं. मला विचारलं, "तुम्ही बघता का चव?" मी नाही म्हटलं. "बरं केलंत," म्हणाली, "एकानं तरी राहू द्या."

हे सगळं जसं झालं तसं लिहिलंय. आता तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा.

गुरुनाथ


९ जून २००४

दादा,

नितीशनं फोनवर सगळं कळवलं होतंच. तरी माझ्या हातानं लिहायला एवढे दिवस गेले. चोवीस मेला पहाटे गेली. आदल्या दिवशी संध्याकाळी सलवानं भरवलेला सुपारीएवढा तुकडा आणि वर दोन चमचे पाणी, ते शेवटचं. घशात अडकला नाही. मी बघत होतो, नीट उतरला.

सलवा काळे कपडे घालून आली आणि काळी कॉफी करून सगळ्यांना दिली. मी घोट घेतला तर कडू जहर. मला वाटलं म्हातारी साखर विसरली, मी डबा पुढं केला. तिनं माझा हात धरून डबा बंद केला. त्यांच्यात दुःखाच्या घरी साखर घालत नाहीत. मी कप संपवला.

इथं कावळे नाहीत, म्हणून दहावं तुम्ही कृष्णेच्या घाटावर करतो असं फोनवर नितीशला म्हणालात. हे तुम्ही आपणहून म्हणालात याचं मला किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही. नंतर नीलांबरीचा फोन आला. तिनं सगळं सांगितलं. रागावू नका तिच्यावर. म्हणाली, पुरणपोळी ठेवली, कटाची आमटी ठेवली, लिंबाचं लोणचं ठेवलं, तुम्ही ऊन डोक्यावर येईपर्यंत हात जोडून उभे राहिलात. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, एकही खाली येईना. भटजी घाई करत होते. तुम्ही म्हणालात, "दमू, नितीशचं सगळं बघीन." मग म्हणालात, "दमू, गुरुनाथला अंतर देणार नाही." तरी नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवला.

मी तिला विचारलं, दादांनी माझी पत्रं वाचली का गं? ती म्हणाली, "सगळी. दोन दोनदा. देवघरात ठेवलीत."

म्हणजे कावळा कशासाठी थांबला होता ते तुम्हालाही माहीत होतं. चारचौघांत, घाटावर, भटजींसमोर त्या खाण्याचं नाव तुमच्या तोंडून कसं निघणार? मी तुमच्या जागी असतो तर माझ्याही निघालं नसतं. यात माझ्या मनात काही नाही, खरंच नाही.

इकडं त्याच दिवशी मी आणि सलवा खाडीच्या काठावर गेलो होतो. थंडी फार होती. नितीश म्हणत होता, बाबा, जँडल, म्हणजे रबरी चपला, घालून जाऊ नका, बूट घाला, तरी मी तसाच गेलो. तिनं एक काप आणला होता. मी वडाच्या पानाऐवजी तिच्या द्राक्षाच्या वेलाचं पान घेतलं, पिवळं पडलेलं, तेवढंच उरलं होतं. ठेवतो न ठेवतो तोच एक पांढरा पक्षी आला, सीगल म्हणतात त्याला, आणि उचलून घेऊन गेला. मला काही बोलायलाही वेळ दिला नाही. सलवानं "सहतेन" म्हटलं. तो पक्षी शास्त्रात चालतो का, ते तुम्ही बघा. मी कुणाला विचारलेलं नाही.

माळ या पत्रासोबत पाठवतोय, तिच्या रुमालात बांधून. तिनंच सांगून ठेवलं होतं, दादाला द्या, तो रागावेल पण सांभाळेल. पोस्टातल्या मुलीनं आत काय आहे विचारलं तर मला पटकन सांगता येईना. नितीश "लाकडाचे मणी" म्हणाला.

आता घरात मी दुपारचा एकटाच असतो. सलवा कुंपणावरून रोज ताटली देते, माझ्यासाठी मसूरभात करते, त्यात काही घालत नाही, झाकण काढून दाखवते. मी खातो. तुम्ही काळजी करू नका. करत असाल असं नाही, पण करत असाल तर करू नका.

पुढच्या वर्षी वर्षश्राद्धाला पुन्हा घाटावर जाल. कावळा थांबला तर त्याला पुरणपोळीचं सांगू नका, नितीशचं नको, माझंही नको. मोठ्यानं म्हणायचं नसेल तर मनात म्हणा. मिरजेच्या स्टेशनवर तुम्ही बोललात ते बहिणीवरच्या मायेनं बोललात, हे मला तेव्हाही कळत होतं. पण तसं झालं नाही, दादा. एवढंच तिला सांगा आणि तुम्हीही धरून ठेवा. दमू जेवून गेली.

तुमचा
गुरुनाथ